दोन्ही बाजू सारख्या

माझ्या नाकावर राग असतो, हे आमच्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक आहे. तुम्हालाही आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे दचकायला नको.

आमचं पुरुषांचं सलून आहे. दोन खुर्च्या, समोर भिंतभर आरसा, मागे वाट बघणाऱ्यांसाठी लांब बाक. बाबांनी ते चाळीस वर्षं चालवलं आणि त्यातली शेवटची बारा वर्षं दुसऱ्या खुर्चीमागे मी उभी होते. अजूनही एखादं नवीन गिऱ्हाईक दारातून डोकावतं, माझ्या हातातली कात्री बघतं, कंगवा बघतं आणि विचारतं, "कारागीर कुठे गेलेत?" मी म्हणते, "बसा, आत्ता येतील," आणि त्याच्या गळ्याभोवती कापड बांधून कामाला लागते.

बाबांची एक सवय होती. केस कापून झाले की ते दोन पावलं मागे सरायचे आणि गिऱ्हाइकाच्या डोक्यावरून आरशात बघायचे. डावा कल्ला, उजवा कल्ला, पुन्हा डावा. मग म्हणायचे, "दोन्ही बाजू सारख्या." ते म्हटल्याशिवाय कापड सुटायचं नाही. एकदा एक घाईतला माणूस मध्येच उठायला लागला, तर बाबांनी त्याला खांद्याला धरून परत बसवला होता. मी ते वाक्य जन्मापासून इतक्या वेळा ऐकलंय की शेवटी शेवटी ते मला ऐकूच येत नसे.

अडीच वर्षांपूर्वी बाबांचे हात थरथरायला लागले. सुरुवातीला नुसता कंगवा कात्रीवर वाजायचा. मी कानाडोळा केला. मग एके दिवशी आमच्या भागातल्या पोस्टमनची दाढी करताना वस्तरा त्याच्या हनुवटीखाली लागला. फार नाही, पण पांढऱ्या कापडावर रक्त दिसलं. मी माझं गिऱ्हाईक अर्धवट सोडून आले, बाबांच्या हातातून वस्तरा काढून घेतला आणि उरलेली दाढी पूर्ण केली. बाकावर पाच माणसं बसली होती. बाबांनी हात धुतले, टॉवेलची घडी घालून ठेवली आणि घरी निघून गेले.

दुसऱ्या दिवशी ते आले नाहीत. पुढचे चार महिने ते आपल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडून असायचे. जेवायला बोलावलं तर दोन घास खायचे. मी चिडले तर "बरं" म्हणायचे. त्यांनी मला चार शिव्या घातल्या असत्या तर मला परवडलं असतं, पण ते नुसते "बरं" म्हणायचे.

त्यांना उठवलं ते साहेबांनी.

साहेब म्हणजे गिनी पिग. एक गिऱ्हाईक गाव सोडून चाललं होतं. पिंजरा बाकावर ठेवून तो माणूस म्हणाला, "याला दोनच दिवस सांभाळा, माझी बहीण येऊन घेऊन जाईल." ती बहीण आजतागायत आलेली नाही. मी पिंजरा घरी आणला आणि जागा नव्हती म्हणून बाबांच्या खोलीत ठेवला. सकाळी बघते तर बाबा उठून बसलेले, तो तपकिरी-पांढरा गोळा त्यांच्या मांडीवर, आणि पायांत बूट. मला म्हणाले, "याला घरी एकट्याला करमणार नाही. दुकानात माणसं असतात." जसं काही मीच इतके दिवस त्या प्राण्याला कोंडून ठेवलं होतं!

तेव्हापासून बाबा रोज दुकानात यायला लागले. बाकाच्या टोकाला बसायचे, मांडीवर साहेब. हे नाव पोस्टमननेच ठेवलं. दिवसभर बसून राहायचं, काम शून्य, आणि खायला यायला उशीर झाला की आरडाओरडा, म्हणून साहेब. सकाळी मी शटर वर केलं की पिंजऱ्यातून अशी शिट्टी यायची की शेजारचा चष्मेवाला घड्याळ लावायचा. बाबा त्याला काकडी कापून द्यायचे, ढोबळी मिरचीच्या बिया काढून द्यायचे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याशी त्याच्याबद्दल बोलायचे. वस्तऱ्याबद्दल ते कधीच बोलले नाहीत. मीही नाही.

मग साहेबांचे केस गळायला लागले.

आता केस म्हणजे आमचा प्रांत. रोज इतकी डोकी हाताखालून जातात. कोंडा, खवडे, चाई, काय म्हणाल ते मी ओळखते. मी साहेबांना उजेडात धरलं, बरगड्यांमागची उघडी पडलेली गुलाबी कातडी बघितली आणि निकाल देऊन टाकला, "बुरशी आहे." आठ दिवस मलम लावलं. काही फरक पडला नाही, उलट डाग वाढला. बाकावरच्या प्रत्येकाने आपापला उपाय सांगितला, कारण सलूनमध्ये डॉक्टर नसलेला माणूस अजून जन्माला यायचाय. त्यातले निम्मे सल्ले टक्कल पडलेल्यांचे होते.

बाबा तेव्हा एवढंच म्हणाले, "अगं, दोन्ही बाजू सारख्या आहेत."

मी म्हटलं, "हो बाबा."

पहिला डॉक्टर कुत्र्यांचा होता. दवाखान्यात एवढा गोंधळ की कुणाचं बोलणं कुणाला ऐकू जाईना. त्याने कार्ड भरताना विचारलं, "नर की मादी?" मी म्हटलं, "नर." त्याने लिहिलं, नर. वरवर पाहून म्हणाला, पिसवांसारखे बारीक किडे असतात, ते झालेत, आणि इंजेक्शन दिलं. पंधरा दिवसांनी दुसरं दिलं. किडे गेले असतील तर असतील, केस काही आले नाहीत.

दुसरा डॉक्टर जनावरांच्या कातडीचा तज्ज्ञ. त्याने पहिल्याचं कार्ड वाचलं, कातडी खरवडून काचेवर घेतली, यंत्राखाली बघितली आणि म्हणाला, "इथे काहीच नाही. हा कंटाळून स्वतःचे केस स्वतःच कुरतडतोय." ही बातमी दुकानात फुटली आणि दोन दिवस हसून हसून लोकांची पोटं दुखली. सलूनमधला गिनी पिग स्वतःचे केस स्वतः कापतो! पोस्टमन म्हणाला, "बाई, तुमच्या धंद्यावर आलाय हा." डॉक्टरने करमणूक करायला सांगितलं होतं, म्हणून मी पिंजऱ्यात एक छोटा आरसा टांगला. साहेबांनी त्याच्याकडे पाठ फिरवली.

बाबा पुन्हा म्हणाले, "दोन्ही बाजू सारख्या आहेत, बघ तरी."

या वेळी मात्र मी त्यांच्याकडे वळून बघितलं. मला वाटलं, आधी हात गेले, आता डोकंही चाललं. गिऱ्हाईक आणि गिनी पिग यातला फरक कळेनासा झालाय यांना. मी त्यांच्यावर ओरडले नाही, ही माझ्या हिशेबाने मोठीच गोष्ट होती. मी फक्त जोरात म्हटलं, "कळलं बाबा, कळलं!"

त्या आठवड्यात साहेबांनी काकडी शिवली नाही. पोट फुगल्यासारखं दिसत होतं आणि पाठीचा कणा मात्र हाताला लागत होता. आणि एके सकाळी मी शटर वर केलं, तर शिट्टी आलीच नाही. चष्मेवाला बाहेर येऊन बघून गेला. दुपारी बाबांचा डबा उघडून बघितला, तर तो जसाच्या तसा. साहेब गेले तर बाबा पुन्हा त्या भिंतीकडे तोंड करतील आणि या खेपेला त्यांना उठवायला कुणी येणार नाही, एवढंच मला दिसत होतं.

तिसरी डॉक्टर पोस्टमनने सुचवली. तो म्हणाला, "माझ्या वाटेवर एक बाई आहेत. पाखरांच्या डॉक्टर. त्यांना येणारी पार्सलं एवढीशी असतात, आत बोटाएवढ्या सुया आणि चिमटे. असल्या लहान जिवांचं त्यांनाच कळणार." मी भर दिवसा दुकान बंद करून साहेबांना आणि बाबांना घेऊन निघाले. असं मी कधी करत नाही.

सायकलच्या दुकानावर एक अरुंद जिना, वर दोन खोल्या. भिंतीला टेकून एक पाय बांधलेला पोपट बसला होता आणि कुणाशीतरी भांडल्यासारखा पुटपुटत होता. डॉक्टरबाई माझ्यापेक्षा लहान असाव्यात. केस कुणीतरी फार वाईट कापले होते. त्यांनी टेबलावर टॉवेल पसरला, साहेबांना त्यावर ठेवलं, वजन केलं, आणि मग स्टूल ओढून, हनुवटी तळहातावर टेकवून नुसत्या बघत बसल्या.

पाच मिनिटं झाली. दहा झाली. माझं दुकान बंद, खाली सायकलवाल्याची ठोकाठोक, आणि या बाई बघतायत. मी म्हटलं, "डॉक्टर, तपासणार कधी?"

"तपासतेय," त्या म्हणाल्या. मान वर केली नाही. मग विचारलं, "दिवसभर याच्याजवळ कोण असतं?"

मी सांगायला लागले की दुकानात सगळेच असतात, मी असते, गिऱ्हाइकं असतात. त्यांनी माझं ऐकून घेतलं आणि स्टूल बाबांकडे वळवलं. "काका, तुम्ही का?"

बाबांनी आधी माझ्याकडे बघितलं. परवानगी मागितल्यासारखं. ते बघणं माझ्या अजून डोळ्यांसमोर आहे.

"मी असतो," ते म्हणाले.

"खाजवतो का अंगाला?"

"नाही. एकदाही नाही. दिवसभर मांडीवर असतो माझ्या, मला कळलं असतं."

"चावतो? केस ओढतो?"

"ते त्या दुसऱ्या डॉक्टरांनी सांगितलं. मी तरी पाहिलेलं नाही. आणि दोन्ही बाजू सारख्या आहेत."

मी मध्ये पडले. "डॉक्टर, बाबांना सवय आहे तसं म्हणायची. सलूनमध्ये आयुष्य गेलंय, तुम्ही त्याकडे..."

डॉक्टरबाईंनी माझ्याकडे न बघता हात वर केला. मला असं गप्प करणारं माणूस गल्लीत नाही. त्या बाबांना म्हणाल्या, "काका, सारख्या म्हणजे किती सारख्या?"

बाबा उठले. टेबलापासून दोन पावलं मागे सरले. डावी बाजू बघितली, उजवी बघितली, पुन्हा डावी. मग पुढे येऊन थरथरतं बोट साहेबांच्या अंगाजवळ नेलं. "हे बघा. इथे सुरू होतं आणि इथे थांबतं. पलीकडे बघा, तिथेच सुरू, तिथेच थांबतं. पहिल्या दिवसापासून असंच आहे. बुरशी असती तर एका बाजूला जास्त पसरली असती. किडे असते तर जिथे पाय पोचतो तिथे खाजवलं असतं. स्वतः कुरतडलं असतं, तर वळायला जी बाजू सोपी, तिकडचे जास्त गेले असते. माणूस दाढी करतो तेव्हाही एक बाजू चांगली होते, एक वाईट. हे तसं नाही. हे आतून कुणीतरी कापतंय." ते थांबले. "आणि कापणाऱ्याचा हात चांगला आहे. चाळीस वर्षांत मला इतकं सारखं जमलेलं नाही."

दीड महिना बाबा हे सांगत होते, आणि मी "कळलं बाबा" म्हणत होते. मला काय कळलं होतं? डोंबल!

डॉक्टरबाईंनी साहेबांना अलगद उचललं, उताणं धरलं, पोटाखाली बोटाने हलकेच दाबून बघितलं. त्यांच्या भुवया वर गेल्या. "हा नर आहे, असं कुणी सांगितलं?"

"मी," मी म्हणाले. "म्हणजे, ज्याने आणून ठेवला तो 'याला सांभाळा' म्हणाला होता, म्हणून..."

"हे साहेब नाहीत," डॉक्टरबाई म्हणाल्या. "बाईसाहेब आहेत."

इतकी वर्षं हातात कात्री घेऊन उभी असताना लोक मला विचारतात, कारागीर कुठे आहे, आणि मी मनातल्या मनात त्यांना शेलक्या शिव्या देते. आणि माझ्याच दुकानात दीड वर्ष एक बाई बसली होती, तिच्याकडे मी एकदा नीट बघितलं नव्हतं. कार्डावर 'नर' मी लिहायला लावलं होतं. त्या एका शब्दामुळे दोन डॉक्टरांनी जिथे बघायला हवं तिथे बघितलंच नव्हतं.

डॉक्टरबाईंनी आम्हाला समजावून सांगितलं. अंडाशयात पाण्याच्या गाठी होतात. माद्यांमध्ये या वयात पुष्कळ आढळतं. त्याने शरीरातलं आतलं गणित बिघडतं आणि दोन्ही कुशींवरचे केस अगदी सारखे गळतात. खाज नाही, जखम नाही. "केसांचा आजार नाहीच हा. केस फक्त सांगत होते," त्या म्हणाल्या, "आणि काकांनी ऐकलं."

खात्रीसाठी सोनोग्राफी करायची होती, त्यासाठी पोटावरचे केस काढायला हवे होते. त्यांनी आपलं मशीन सुरू केलं. पात्याच्या आवाजावरूनच मला कळलं की ते बोथट आहे, ओढणार. मी म्हटलं, "थांबा." माझ्या पिशवीत मशीन असतंच, घरी जाऊन ज्यांचे केस कापते अशी दोन म्हातारी गिऱ्हाइकं आहेत. बाबांनी बाईसाहेबांना हातांत धरलं. त्यांचे हात थरथरत होते आणि ती मात्र त्या हातांत गप्प पडून होती, कारण तिला ते हात तसेच माहीत होते. मी कातडी बोटाने ताणून धरली आणि पापुद्रा काढावा तसे केस काढले. डॉक्टरबाई म्हणाल्या, "वा!" त्या 'वा'ने मला किती बरं वाटलं ते मी सांगणार नाही.

पडद्यावर दोन काळे गोल दिसले. एक इकडे, एक तिकडे. मी वाट बघत होते की बाबा आता म्हणतील. ते म्हणाले नाहीत, नुसते माझ्याकडे बघत राहिले. शेवटी मीच म्हटलं, "दोन्ही बाजू सारख्या."

"हं," बाबा म्हणाले.

ऑपरेशन करावं लागणार होतं. इतका लहान जीव, भूल दिल्यावर उठेलच असं नाही, हे डॉक्टरबाईंनी लपवलं नाही. बाबांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "हात दाखवा."

मी जीभ चावली. पण त्या बाईंनी काही विचारलं नाही. दोन्ही हात टेबलावर अधांतरी, तळवे खाली करून धरले. बाबा वाकून त्या बोटांकडे बघत राहिले. एक बोट हललं नाही.

"चालेल," बाबा म्हणाले.

ऑपरेशनच्या दिवशी आम्ही दुकान उघडं ठेवलं, कारण घरी बसून मी कुणाचा तरी जीव घेतला असता. बाबा रिकामा पिंजरा मांडीवर घेऊन बसले होते. दुपारी फोन आला. भुलीतून उठली होती. पण खरी परीक्षा पुढे आहे, डॉक्टरबाई म्हणाल्या. हे प्राणी खाल्लं नाही तर टिकत नाहीत, दर तीन-चार तासांनी पातळ लगदा पिचकारीने तोंडात घालायचा.

पिचकारी बाबांनी घेतली. पहिल्याच वेळी निम्मा लगदा तिच्या हनुवटीवर सांडला, थोडा बाबांच्या बाहीवर. माझा हात पुढे गेला. वस्तऱ्याच्या वेळी गेला होता, अगदी तसाच. बाबांनी तो बघितला आणि पिचकारी माझ्याकडे करायला लागले.

मी हात मागे घेतला. म्हटलं, "तुमचं चालू द्या. मी टॉवेल आणते."

तीन दिवस मी टॉवेल आणत होते. त्यांना एकेका वेळेला पाऊण तास लागायचा, मी ते काम पाच मिनिटांत उरकलं असतं. पण बाबांची पिचकारी हलायची तसं तिचं तोंडही त्याच्याबरोबर हलायचं, आणि तिसऱ्या दिवशी ती स्वतःहून पिचकारी चाटायला लागली. चौथ्या दिवशी सकाळी मी शटर वर केलं आणि बाबांच्या हातातल्या पिंजऱ्यातून शिट्टी आली. बारीकशी, पण शिट्टीच. मी तिथेच दारात उभी राहून रडले. माझ्यासारखी बाई रडतेय बघून चष्मेवाला घाबरून आत गेला.

दोन महिन्यांनी केस आले. आधी मऊ लव, मग रंग. बाईसाहेब पहिल्यापेक्षा जास्त आरडाओरडा करतात. डॉक्टरबाई आता केस कापायला माझ्याकडे येतात. पुरुषांचं सलून असेना का.

परवा पोस्टमन आला होता. मी त्याचे केस कापले, कल्ले छाटले, मान साफ केली आणि सवयीने कापडाची गाठ सोडायला हात घातला. मग थांबले. आरशात मागे बाकावर बाबा दिसत होते, मांडीवर बाईसाहेब.

"बाबा," मी म्हटलं, "जरा बघता का?"

बाबांनी बाईसाहेबांना बाकावर ठेवलं. हळूहळू उठले, खुर्चीमागे आले, दोन पावलं मागे सरले. डावा कल्ला, उजवा कल्ला, पुन्हा डावा.

"डावा केसभर खाली आहे," ते म्हणाले.

मी वाकून बघितलं. होता. मला दिसला नव्हता. मी कात्री घेतली आणि केसभर वर घेतला. पोस्टमन आरशात बघून खूश झाला आणि उठायला लागला.

"बसा," मी त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हटलं. "अजून त्यांनी म्हटलेलं नाही."

तो बसला. बाबांनी पुन्हा डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं, अजिबात घाई केली नाही. मग त्यांनी म्हटलं, आणि मी कापड सोडलं.